‘टेक’ची चूक माझी होती

ताई, तुमच्या शोकसभेत मी बोलले. बोलले म्हणजे माइकसमोर उभी राहिले, आणि जे सांगायचं होतं तेवढं सोडून बाकी सगळं सांगितलं.

इंदिरानगरच्या त्या छोट्या हॉलमध्ये पन्नासेक माणसं होती. सिन्नरहून तुमचे भाऊ आले होते, पहिल्या रांगेत टोपी मांडीवर घेऊन बसले होते. वकीलसाहेब माझ्याआधी बोलले. म्हणाले, “विमलताईंनी तीस वर्षं या गावातल्या वकिलांची भाषांतरं केली. तीस वर्षांत एकच चूक. आणि तीसुद्धा त्यांनी बालकल्याण समितीपुढे उभं राहून स्वतःच्या तोंडानं कबूल केली. अशी माणसं आता कुठे बघायला मिळणार?” लोक हळहळले. मग साहेबांनी माइक माझ्या हातात दिला.

मी म्हणाले, ताईंनी मला भाषा शिकवली. म्हणाले, चौदा वर्षं आम्ही एका टेबलावर डबा खाल्ला. म्हणाले, ताईंनी मला मुलीसारखं वागवलं. तुमचे भाऊ डोळे पुसत होते. मी खाली येऊन खुर्चीत बसले आणि त्या क्षणापासून मला कुठेच धड बसता येत नाहीये.

ती एक चूक तुमची नव्हती, ताई. ती माझी होती. हे आपल्या दोघींनाच ठाऊक होतं आणि तुम्ही गेल्यावर मला एकटीलाच.

तेव्हापासून मी नुसती हिंडतेय. कोर्टामागच्या आपल्या खोलीत जाते, शटर वर करते, टेबल पुसते, पुन्हा बाहेर पडते. चहावाल्याकडे दोन चहा सांगते. घरी आले की कपाट आवरायला काढते आणि अर्धं आवरून गॅलरीत जाऊन उभी राहते. माझी मुलगी म्हणते, “आई, एका जागी बस ना.” भाजी निवडता निवडता माणूस जातं, शेजारणीला दुपारी कळतं, मला चार वाजता. मी धावत आले तेव्हा गवारीच्या शेंगा ताटात तशाच होत्या, अर्ध्या मोडलेल्या. मी काय केलं सांगू? उरलेल्या मोडून ठेवल्या. हाताला काहीतरी हवं होतं.

परवा तुमच्या भाच्याचा बंगळुरूहून फोन आला. इंग्रजीतच बोलतो तो. “हाऊ आर यू टेकिंग इट, शुभदाताई?” मी उत्तर द्यायच्या ऐवजी मनात मराठी करत बसले. कसं घेतेयस? नाही. कसं सोसतेयस? फार जड. कशी आहेस? फार हलकं. तो “हॅलो, हॅलो” करत होता. मी म्हटलं, “ठीक आहे रे.” तुम्ही असतात तर तेवढ्यावर अर्धा तास वाद घातला असता.

आपली ओळखच या क्रियापदावरून झाली. नोकरी मागायला आले होते, मुलगी दीड वर्षाची होती, एम.ए. इंग्रजीची पदवी पिशवीत घालून. तुम्ही ती पाहिलीसुद्धा नाही. एक कागद पुढे सरकवलात. दहा वाक्यं, प्रत्येकात तेच एक, टेक. मला अपमान वाटला. टेक म्हणजे घेणे, दुसरीतलं पोर सांगेल. दहा मिनिटांत लिहून दिलं.

तुम्ही चष्मा वर करून मोठ्यानं वाचायला लागलात. “‘तिने माझा फोटो घेतला.’ कुठून, भिंतीवरून? आपण फोटो काढतो. ‘मुलाने परीक्षा घेतली.’ मग हा मुलगा मास्तर आहे का? मुलगा परीक्षा देतो. ‘प्रवासाने दोन तास घेतले.’ घेऊन काय केलं त्यानं? दोन तास लागले म्हण. ‘त्याने टोपी घेतली.’ घेतली नाही, काढली, पुढे ‘ऑफ’ आहे तो दिसला नाही? आणि हे काय, ‘ती आईनंतर घेते’? काय घेते, गोळी?”

“मग काय ते?” मी रडवेली झाले होते.

“ती आईवर गेलीय.”

मला इतकं हसू आलं की डोळ्यांतलं पाणी कशाचं ते कळेना. तुम्हीही हसलात. “दहापैकी नऊ चुकलीस,” म्हणालात, “पण स्वतःच्या चुकीला हसलीस. उद्यापासून ये.”

मग चौदा वर्षं तेच चाललं. मोडीत काढलेल्या पाठकोऱ्या कागदांवर तुम्ही ‘टेक’चे नवे नवे उपयोग टिपत होतात. विमानानं टेक ऑफ केलं की ते उडतं. माणसानं एखादी गोष्ट टेक केली की ती मनाला लावून घेतो, किंवा मुकाट्यानं सहन करतो, किंवा नुसतं समजतो, ते पुढचा शब्द ठरवणार. कपडे आत टेक केले की शिवण घालून ते अंगाबरोबर केले जातात. परीक्षेवरचा आपला वाद तर कधी मिटलाच नाही. तुम्ही म्हणायचात, इंग्रजांचं बरोबर आहे, ज्याच्या डोक्यावर पडते तो घेतो. मी म्हणायचे, आपलं बरोबर, आपण जीव काढून देतो. “काय देतेस? उत्तरं तर येत नव्हती तुला,” असं म्हणून तुम्ही वाद संपवायचात आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करायचात.

तुम्ही एक नियम घालून दिला होता. भाषांतर कोणीही करो, इंग्रजी आणि मराठी शेजारी शेजारी ठेवून दुसरीनं वाचायचं, मगच सही. सही तुमची, कारण शिक्का तुमच्या नावाचा.

तो दिवस मी कितीदा आठवला असेल. जानेवारी होता. तुमच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोन दिवस झाले होते, तरी काळा चष्मा लावून तुम्ही आला होतात. वकीलसाहेबांनी एका लहान मुलीच्या प्रकरणाचे कागद पाठवले होते, दुसऱ्या दिवशी समितीपुढे हवे होते. आणि त्याच संध्याकाळी माझ्या मुलीचं शाळेचं गॅदरिंग होतं. ती कोळीण होणार होती. पाचला पोचायचं होतं.

प्रकरण साधंच वाटलं होतं. सुरगाण्याकडची एक बाई नवऱ्याबरोबर द्राक्षबागेच्या कामाला इकडे आली आणि तापानं गेली. नवरा दुसरं लग्न करून गुजरातेत निघून गेला. त्यांची पाच वर्षांची मुलगी, रोशनी, इथल्या निराधार मुलांच्या एका संस्थेत राहिली. दोन महिन्यांनी मुलीची मावशी, पारूबाई, शोधत शोधत आली आणि संस्थेच्या अधीक्षिकाबाईंच्या तोंडी परवानगीनं मुलीला गावी घेऊन गेली. मग बापाला अचानक मुलगी आठवली. त्यानं तक्रार केली की मेहुणीनं फूस लावून पोरीला पळवलं. समितीनं अधीक्षिकाबाईंकडून अहवाल मागवला. त्या केरळच्या. मराठी बोलायच्या, लिहायच्या इंग्रजीत. अहवाल लिहून दिला आणि नोकरी सोडून गावी गेल्या.

मी आधी बापाची तक्रार वाचली. ‘फूस लावून’ हे शब्द डोक्यात घेऊनच अहवाल उघडला. हातानं लिहिलेली दोन वाक्यं होती. “आंट हॅज टेकन द गर्ल इन. द गर्ल टुक टू हर ॲट वन्स.”

टेकन इन. या जोडीला दोन अर्थ आहेत, ताई, आणि दोन्ही मला ठाऊक होते. तुम्हीच शिकवले होते. घरात आसरा देणे, आणि फसवणे. मी घड्याळाकडे बघितलं आणि लिहिलं, ‘मावशीने मुलीला फसवले आहे. मुलगी लगेच तिच्याबरोबर गेली.’ कागद तुमच्यापुढे ठेवला. तुम्ही म्हणालात, “मला आज अक्षरं पोहताना दिसतायत. तू दोनदा बघितलंस ना?”

“बघितलं, ताई.”

तुम्ही सही केलीत. मी गॅदरिंगला वेळेवर पोचले. पहिल्या रांगेत जागा मिळाली.

तुमची सही होती म्हणून वकीलसाहेबांनी मूळ इंग्रजी बघितलं नाही. पारूबाईच्याच बाजूचे वकील ते. समितीनं मराठी वाचलं आणि चौकशी पुरी होईपर्यंत मुलीला संस्थेत परत ठेवायचं ठरवलं. पाच महिने.

जूनमध्ये शेवटच्या सुनावणीसाठी फाइल आपल्याकडे परत आली, पानांवर क्रमांक घालून द्यायला. क्रमांक घालता घालता तुमचा हात थांबला. पंखा चालू होता, कागदावर तुम्ही पेपरवेट ठेवलात.

“शुभदा, हे इंग्रजी वाच.”

मी वाचलं.

“आता मराठी वाच.”

मी वाचायला सुरुवात केली आणि ‘फसवले’पाशी थांबले. कोणी केलं, असं तुम्ही विचारलंच नाहीत. तुम्ही म्हणालात, “मुलीला तिचा लगेच लळा लागला, असं लिहिलंय त्या बाईनं. लळा. आणि आपण काय लिहिलं?” मग स्वतःशीच, “मला दिसत नव्हतं, तर सही कशाला केली मी?”

मी घाबरून म्हटलं, “नवीन पान लावू या. टायपिंगची चूक झाली म्हणून सांगू.”

“फसवले ही टायपिंगची चूक नसते.”

समितीच्या खोलीत मी तुमच्या मागे दोन खुर्च्या सोडून बसले होते, फाइल मांडीवर. पारूबाई दाराजवळ, हातात दोरीची पिशवी. तुम्ही उभ्या राहिलात, दोन्ही वाक्यं वाचलीत, बरोबर मराठी सांगितलंत. ‘मावशीने मुलीला आपल्या घरी ठेवून घेतले आहे. मुलीला तिचा लगेच लळा लागला.’ आणि म्हणालात, “या चुकीमुळे मुलगी पाच महिने मावशीपासून दूर राहिली. चूक माझी आहे.”

एका सदस्यानं विचारलं, “भाषांतर तुम्ही स्वतः केलं होतं?”

तुम्ही क्षणभर थांबलात. “सही माझी आहे,” म्हणालात.

तो क्षण माझ्यासाठी होता, ताई. तुम्ही मला जागा करून दिली होती. मी फाइलची दोरी बोटाला गुंडाळत बसले.

परतताना रिक्षात मी म्हटलं, “मी सांगायला हवं होतं.”

“हो,” म्हणालात. बस, एवढंच. मला वाटलं होतं, तुम्ही म्हणाल, जाऊ दे गं, किंवा म्हणाल, मीच वाचायला हवं होतं. तुम्ही रिक्षावाल्याला रस्ता सांगत राहिलात.

त्या आठवड्यात रोशनी मावशीकडे गेली. आपल्याकडे येणारे दोन-तीन वकील कमी झाले. तुम्ही त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. पंधरा दिवसांनी म्हणालात, “रविवारी सुरगाण्याला जायचंय, पारूबाईकडे. चल.”

“आता कशाला? मुलगी मिळाली तिला.”

“मिळाली म्हणजे झालं?”

“चूक दुरुस्त झाली ताई, तुम्ही सगळ्यांसमोर कबूल केली. अजून काय करायचं? आपलं काम कागदापुरतं असतं.”

“कागद कोणाच्या घरी गेला ते तरी बघून येऊ.”

मी मुलीच्या क्लासचं कारण सांगितलं. तुम्ही दुखऱ्या गुडघ्यानं एकट्या गेलात. सोमवारी विचारलं, कसं झालं, तर म्हणालात, “भाताची रोपं चांगली आलीत तिकडे.” मी पुढे विचारलं नाही. हा वाद आपण पुन्हा काढला नाही. बाकी सगळे काढले. परीक्षा द्यायची की घ्यायची, यावर तर तुम्ही जायच्या आदल्या दिवशीसुद्धा भांडलात. मला दोन वर्षं वाटत होतं, एखाद्या दिवशी चहा पिताना हेही निघेल, आणि मग मी सांगेन की मला झोपायच्या आधी रोज ती खोली दिसते. तुम्हाला ते माहीत होतं का? तुम्ही माझ्यावर रागावला होतात का? इतकं वाचणाऱ्या बाईचा चेहरा मला वाचता आला नाही.

शोकसभेनंतरच्या सोमवारी मी वकीलसाहेबांकडे गेले. उभ्या उभ्याच सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, “शुभदाताई, झालं गेलं. उलट त्या प्रसंगानं विमलताईंचं नावच मोठं झालं. आता कशाला उकरून काढता?”

“ते नाव माझ्या चुकीवर मोठं झालंय, साहेब.”

“त्यांना चालत होतं ना?”

मी तशीच बाहेर पडले. आता हे लिहितेय आणि खाली माझं नाव घालून छापायला देणार आहे. तुम्हाला आवडेल की नाही ठाऊक नाही. बहुधा तुम्ही स्वल्पविराम तपासाल.

शनिवारी सुरगाण्याची एसटी पकडली. खिडकीशी बसले, उठून पुढे बसले, पुन्हा मागे गेले. कंडक्टर म्हणाला, “मॅडम, गाडी लागते का?” सुरगाण्याहून जीप. चौदा जणांत मी पंधरावी. भात गुडघ्याच्या वर आला होता, उतारावर नागली, म्हणजे आपली नाचणी, होती. जीपवाल्यानं पाड्याच्या तोंडाशी सोडलं आणि म्हणाला, “ते निळ्या दाराचं घर.”

पारूबाई अंगणात सुपानं तांदूळ पाखडत होती. मला बघून तिनं डोळे बारीक केले. “तू त्या बाईंच्या ऑफिसातली ना? माघं बसली व्हतीस.”

तिला आठवत होतं, ताई. मी कुठे बसले होते तेसुद्धा.

मी तुमचं सांगितलं. सूप तिच्या हातात तसंच राहिलं. “कधी?”

“सोळा दिवस झाले.”

“दिवाळीला येते म्हनली व्हती.”

“त्या इथे यायच्या?”

“चार बारी आली.”

मला तुम्ही सांगायचात, सिन्नरला भावाकडे जाऊन येते. पारूबाई ओट्यावर बसली, मला बसायला जागा केली नाही, मी बसले. ती म्हणाली, “पयल्यांदा आली तवा मी तिला लय बोलले. आख्खा पाडा जमा झाला, इतकं बोलले. गप ऐकत व्हती. माझं संपलं तवा म्हनली, तुझं खरं हाय. मंग दुसऱ्या बारीला परत आली. मी म्हनलं, आता कशाला आलीस? तर म्हनली, पोरीला बघायला. पोर तवा कोनाशी बोलत नव्हती. ही नुसती तिच्या बाजूला बसली, शेंगा सोलत. तिसऱ्या बारीला पोर तिच्याशी बोलली.”

मी म्हटलं, “पारूबाई, तो शब्द मी लिहिला होता. ताईंनी नाही.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “मंग ती का म्हनली, तिची चूक?”

“सही त्यांची होती.”

“आन तू?”

“मी गप्प बसले.”

तिनं सूप उचललं आणि पाखडायला लागली. कोंडा उडून माझ्या साडीवर येत होता. मी हलले नाही. मग ती सुपाकडेच बघत बोलली, “पाच महिने पोर तिकडं. इकडं आनली तरी माझा पदर सोडायची नाय. शेतावर जाऊ नाय द्यायची. मी दिसले नाय का तिला वाटं, परत न्यायला आले.”

“मला माफ करा.”

“ते मी नाय करायची,” पारूबाई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं. “ते तिचं हाय. आता लहान हाय ती. मोठी झाली, समजायला लागली का तूच सांग तिला. मी नाय सांगनार.”

“सांगेन. येईन मी.”

“अशी एकदम दहा वर्सांनी येशील, त ती तुला वळखायची पन नाय. मंग कोनाचं आयकंल ती?” तिनं सूप खाली ठेवलं. “मधी मधी येत जा.”

तेवढ्यात रोशनी शाळेतून आली. सात वर्षांची, दोन वेण्या, दप्तर पोटाशी धरलेलं. तिनं मला बघितलं, मग माझ्या मागे बघितलं, जीप गेली त्या वाटेकडे.

“ती बाई नाय आली?”

पारूबाई माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, “सांग.”

ताई, मी आयुष्यभर एकाचे शब्द दुसऱ्याच्या भाषेत करत आले. तिथे मला एकही सापडेना. त्या गेल्या म्हणावं, तर ती विचारेल, कुठे. देवानं नेलं म्हणावं, तर नेणं म्हणजे काय ते या मुलीला फार लवकर कळलंय. मी तिच्यापुढे उकिडवी बसले आणि म्हटलं, “त्या वारल्या, रोशनी. आता येणार नाहीत.”

ती हुंदका देईल म्हणून मी हात पुढे केला होता. तिनं तो घेतला नाही. दप्तराच्या पट्ट्याशी खेळत उभी राहिली. “माझी आई पन,” म्हणाली. मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, “तू कोन?”

“मी शुभदा. मी त्यांच्याबरोबर काम करायचे.”

“तू येशील?”

“येईन.”

“कधी?”

“पुढच्या महिन्यात येईन.”

“असं नको,” पारूबाई मागून म्हणाली. “तारीख सांग. ती दिवस मोजत बसते.”

मी तारीख सांगितली.